विचारा की, ताई : कॉलेजसाठी खोली घेताना

निकाल लागले, अ‍ॅडमिशन झाली की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा आणि मेसेजचा विषय एकच, खोली. खानापूर, चंदगड, निपाणी, चिकोडी, गोकाक, सगळीकडची पोरं बेळगावात येतात, बहुतेक जण पहिल्यांदाच घर सोडून, आणि आयुष्यातला पहिला पैशाचा व्यवहार करायची वेळ येते ती थेट घरमालकाबरोबर. मी स्वतः वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना देते त्यामुळं दोन्ही बाजू रोज बघते. पत्रं थोडी कापून छापलीत, नावं मुद्दाम दिली नाहीत, काहींचे घरमालकही आपले वाचक आहेत.

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. टिळकवाडीतल्या कॉलेजात बी.एस्सी.ला अ‍ॅडमिशन झालंय. बाबा म्हणायलेत रोज ये-जा कर. मला मैत्रिणीबरोबर खोली घ्यायची आहे. कुठला भाग बघू, आणि खोली बघताना नेमकं काय बघायचं असतं? आम्हा दोघींनाही काहीच माहीत नाही.

पोरी, बाबांपुढं बसभाड्याचा मुद्दा काढूच नकोस. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुली-बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, बाबा लगेच तेच म्हणतील. त्यांना वेळेचा हिशेब दाखव. पहाटे कितीला उठावं लागेल, प्रॅक्टिकल संपल्यावर गावची शेवटची बस मिळेल का, जुलै-ऑगस्टात तुमच्याकडं पाऊस कसा कोसळतो हे त्यांना मी सांगायची गरज नाही, आणि एवढं सगळं करून घरी पोचल्यावर पुस्तक उघडायचं बळ राहील का. कागदावर तास मांडून दाखव, बाबा ऐकतील असं वाटतं.

आता भाग. खानापूरहून येणारी बस मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग करत तिसऱ्या रेल्वे गेटाकडनं शहरात येते. म्हणजे अनगोळ, भाग्यनगर, हिंदवाडी, टिळकवाडी हा पट्टा तुला दोन्हीकडनं सोयीचा, कॉलेज चालत आणि शनिवारी घरी जायची बस पण जवळ. कुणी नेहरूनगर, शिवबसवनगर सुचवलं तर तो भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिकडं मेडिकलची आणि बाकी कॉलेजं आहेत, तुला रोज अख्खं गाव ओलांडावं लागेल. शहापूर-वडगावात जुनी घरं आहेत, माणसं मायाळू, भाडं पण जरा आवाक्यातलं मिळू शकतं, फक्त तिथं विणकरांची वस्ती आहे, भिंतीला लागून पॉवरलूम असेल तर दिवसभर खटखट चालू असते. ज्यांचं घरच तिथं आहे त्यांना ती ऐकू पण येत नाही, पण परीक्षेच्या दिवसात तुला येईल. म्हणून खोली बघायला रविवारी जाऊ नकोस, मशिनं चालू असलेल्या दिवशी जा.

शोधायचं कसं, तर पायानं. दुपारी ऊन उतरलं की गल्लीतनं फिरायचं, गेटवर टू-लेट लिहिलेल्या पाट्या असतात, पण कितीतरी घरांवर पाटीच नसते, ते फक्त कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला किंवा डबा देणाऱ्या काकूंना माहीत असतं. त्यांना विचार. सीनियर मुलींना विचार, शेवटच्या वर्षाच्या मुली खोल्या सोडतात तेव्हा घरमालकिणीला पण ओळखीतलीच दुसरी मुलगी हवी असते. एजंटाकडं गेलीस तर बहुतेक जण एक महिन्याचं भाडं कमिशन म्हणून घेतात, ते आधी विचारून घे आणि खोली पक्की झाल्याशिवाय देऊ नकोस.

बघताना पहिलं पाणी. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतनं येतं, २००८ पासून शहराच्या काही भागात चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी ठिकाणी दिवसाआड, कुठं त्याहून जास्त दिवसांनी. त्यामुळं 'पाण्याची सोय आहे का' असं विचारलंस तर सगळे होच म्हणणार. किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, वर टाकी आहे का आणि ती कितीजणांत आहे, विहीर किंवा बोअर आहे का, उन्हाळ्यात विहीर आटते का, असं एकेक विचार. आणि हेच प्रश्न शेजारच्या घरातल्या बाईला पण विचार, कारण घर काही ती देत नाहीये, खरं ते सांगेल.

दुसरी ओल. इथला पाऊस म्हणजे भिंती पितात. जूनमध्ये नवीन रंगाचा वास येत असला तर पलंग, कपाट जरा पुढं ओढून मागच्या भिंतीला तळवा लाव, गार आणि चिकट लागली की समजायचं. वर मंगलोरी कौलं असतील तर मान वर करून बघ, आतनं उजेडाची ठिपकी दिसतात का, जिथं उजेड येतो तिथनं पाणी येतं. बळ्ळारी नाल्याच्या आसपासचा सखल भाग असला तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचार, गल्लीतला कुणीही भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तळमजल्याच्या खोलीला तर हे विचारायचंच.

मग संडास-बाथरूम आत का बाहेर, किती जणींत, आतनं कडी नीट बसते का. खिडकी कुठं उघडते. आणि एकदा दिवसा बघून आवडली तर त्याच दिवशी रात्री आठला परत जा, बस थांबते तिथपासून दारापर्यंत चालत. दिवे आहेत का, कोपऱ्यावर कोण बसलेलं असतं, कुत्री किती, हे दिवसा कळत नाही. दोघी जा, जमलं तर बाबांनाच घेऊन जा, त्यांनी स्वतः बघितलेली खोली असली की घरातली निम्मी काळजी तिथंच मिटते.

प्रश्न : माझं सरकारी हॉस्टेलला नाव लागलं नाही. भाडं परवडेल असं वाटत नाही. कॉलेज सोडू का?

अजिबात सोडू नकोस. तू कर्नाटकातला रहिवासी असशील आणि मागासवर्गीय प्रवर्गात येत असशील तर वाट आहे, आपल्याकडं मराठा समाज त्यातल्या ३-बी गटात आहे, म्हणजे बऱ्याच मराठी पोरांना हे लागू पडतं आणि त्यांना माहीतच नसतं. हॉस्टेल न मिळालेल्या अशा मुलांसाठी मागासवर्ग कल्याण खात्याची विद्यासिरी योजना आहे, जेवण आणि राहण्याच्या खर्चाला वर्षातले दहा महिने ठराविक रक्कम थेट खात्यात जमा होते. अर्ज राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एसएसपीवर करायचा. जात-उत्पन्न दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे आधी तयार ठेव, दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातनं मिळतो आणि तिथं अ‍ॅडमिशनच्या दिवसात गर्दी असते. निकष आणि शेवटची तारीख तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचार. सगळं भाडं त्यात निघणार नाही, पण तिघांत खोली घेतली तर मोठा आधार होतो.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मित्र चंदगड तालुक्यातले, उद्यमबागला डिप्लोमाला आहे. मामाच्या ओळखीनं अनगोळात दोन खोल्या मिळाल्यात. भाडं साडेपाच हजार, डिपॉझिट तीस हजार. घरमालक म्हणायलेत अ‍ॅग्रीमेंट कशाला, मामा आपलाच माणूस आहे की. आम्हाला मागायला लाज वाटायली. मागावं का? मी सतरा वर्षांचा आहे.

मागायचं. हे मी यावेळी सगळ्यात जीव तोडून सांगणार आहे कारण दरवर्षी तीच गोष्ट होते. बेळगावात घर मिळतं ते ओळखीवरच मिळतं आणि ती चांगलीच गोष्ट आहे, ओळखीच्या घरात पोराला ताप आला तर मालकीण पेज करून देते. पण पैशाचं बोलणं तोंडी राहिलं की वर्षभरानं प्रत्येकाला वेगळं आठवतं, खोटं कुणीच बोलत नसतं तरी भांडण होतं, आणि मग मामाची ओळख पण जाते. मामांनाच पुढं कर. 'पोरांच्या कॉलेजात अ‍ॅड्रेससाठी कागद लागतो' म्हणून त्यांनी सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही, आणि ते खरं पण आहे, पत्त्याचा पुरावा पुढं बऱ्याच ठिकाणी लागतो.

तू सतरा वर्षांचा आहेस म्हणजे तुझ्या सहीला कायद्यात किंमत नाही, अठरा पूर्ण झाल्याशिवाय करार करता येत नाही. तुझ्या वडिलांनी सही करायची आणि राहणारा म्हणून तुझं नाव आत घालायचं. बाकी दोघं अठराचे असतील तर त्यांच्या स्वतःच्या सह्या. तिघांचीही नावं हवीत. एकाच्याच नावावर केलं आणि तोच मध्येच कॉलेज सोडून गेला तर उरलेले दोघं कोण, असा प्रश्न येतो. एकजण गेला तर त्याच्या वाट्याचं भाडं कोण भरणार, त्याच्या डिपॉझिटचं काय, हे तिघांनी आपसात पण एका कागदावर लिहून ठेवा, दोस्ती टिकवायची असेल तर आत्ताच, भांडण झाल्यावर नाही.

सगळीकडं अकरा महिन्यांचा करार करतात त्याचं कारण साधं आहे, १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, अकरा महिन्यांचा असला की ती भानगड नाही. ई-स्टॅम्प पेपरवर करायचा, तो काढून देणारे काउंटर बेळगावात भरपूर आहेत, टायपिंगवाला पण तिथंच बसलेला असतो. पण टायपिंगवाल्याकडं ठरलेला नमुना असतो आणि त्यात तुमच्या कामाचं काहीच नसतं, म्हणून मुद्दे घरनं लिहून न्या. भाडं किती आणि कुठल्या तारखेपर्यंत द्यायचं. डिपॉझिट किती, कशानं दिलं, खोली सोडल्यावर किती दिवसांत परत आणि त्यातनं कशाकशाचे पैसे कापायचे. लाईटबिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची. अकरा महिन्यांनंतर भाडं किती वाढणार. सोडताना दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं, यावर काहीच लिहिलं नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते, आणि पंधरा दिवसांत परीक्षेच्या तोंडावर खोली शोधणं म्हणजे काय ते विचार करा, म्हणून एक महिना तरी लिहून घ्या. पाहुणे आलेले चालतात का, रात्री किती वाजेपर्यंत गेट उघडं असतं हे पण विचारा, लिहा किंवा लिहू नका पण विचारा.

करार कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर कन्नड वाचणाऱ्या मित्राकडनं सगळा, अगदी मागच्या पानापर्यंत वाचून घेतल्याशिवाय सही नको. घर खरंच त्यांचंच आहे का हे बघायला घरपट्टीची पावती किंवा लाईटबिलावरचं नाव दाखवा म्हणावं, तसं विचारणं वावगं नाही, माझ्याकडं आलेल्या एका पोराच्या वडिलांनी विचारलं होतं तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं. डिपॉझिट खात्यावर पाठवा, मेसेजमध्ये 'डिपॉझिट' असं लिहून, रोख दिलं तर सही केलेली पावती घ्या. दर महिन्याचं भाडं पण तसंच, 'जुलै भाडं' असं लिहून.

अजून एक. कुणी 'लीज'वर देतो म्हणालं तर आपल्याकडं त्याचा अर्थ असा की एकरकमी मोठे पैसे द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, आणि मुदत संपली की ती रक्कम परत. ऐकायला बरं वाटतं पण घरच्यांनी शेत गहाण ठेवून उभे केलेले लाख-दोन लाख कुणा परक्याकडं अडकवू नका. मालकाकडं त्या दिवशी पैसे नसले तर तुम्ही काय करणार?

प्रश्न : ऑनलाईन एक फ्लॅट बघितला, कॅम्पजवळ, भाडं एकदम कमी. मालक म्हणतात मी आर्मीत आहे, बदली झालीय, दोन हजार टोकन पाठवा मग चावी पाठवतो. आयडी कार्डाचा फोटो पण पाठवलाय.

पाठवू नको. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, फौजी माणसावर इथं सगळ्यांचा विश्वास, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात, कार्ड दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं असतं. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, आत पाऊल टाकल्याशिवाय एक रुपया नाही. 'तुमचे पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणाले तर लगेच फोन ठेव, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आधीच पाठवून बसला असशील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला आत्ता फोन लाव, जेवढा लवकर करशील तेवढी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

प्रश्न : आम्ही गोकाकच्या चौघी. घरमालक महिन्याला आठशे रुपये लाईटचे घेतात. शेजारची मुलगी म्हणते आता लाईट फुकट आहे. मग आम्ही कशाचे द्यायलोय?

गृहज्योती योजना म्हणतात ती. २०२३ च्या जुलैपासूनच्या वापराला लागू झाली, ऑगस्टपासून बिलं शून्य यायला लागली. भाडेकरूला पण मिळते, हे मालक लोक सांगत नाहीत किंवा त्यांना माहीत नसतं. पण 'दोनशे युनिट फुकट' एवढंच ऐकून जाऊ नका. त्या मीटरवर २०२२-२३ मध्ये महिन्याला सरासरी जेवढा वापर होता त्यात साधारण दहा टक्के मिळवून जो आकडा येतो तेवढं फुकट. त्याच्यावर पण दोनशेच्या आत गेलात तर वरच्या युनिटचे पैसे, आणि दोनशेच्या वर गेलात तर सगळं बिल भरायचं. चौघी जणी हीटर, इस्त्री, इंडक्शन लावत असाल तर दोनशे कधी ओलांडले कळणार पण नाही.

आधी तुमच्या खोलीला हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, वेगळं मीटर आहे का बघा. असेल तर बिलावर आरआर नंबर आणि अकाउंट आयडी असतो, तो, तुमच्यातल्या एकीचं आधार आणि भाडेकरार घेऊन राज्य सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर नाव नोंदवता येतं. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं असेल तर ते काढावं लागतं, डी-लिंक करायची सोय आहे, अडलं तर हेस्कॉमच्या ऑफिसात जा. आणि बिल शून्य येत असताना मालक आठशे घेत असतील तर शांतपणे 'काका, मागच्या तीन महिन्यांची बिलं बघायला मिळतील का' एवढंच विचारा. मीटर एकच असेल आणि तुम्हाला आत वेगळं छोटं मीटर बसवून दिलं असेल तर मग ठोक आठशे कशाला, युनिटमागं दर ठरवून घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंगचा फोटो काढा. भाडेकरार नसला तर यातलं काहीच हाताला लागत नाही, वर अ‍ॅग्रीमेंटच्या उत्तरात सांगितलं ते त्यासाठीच.

प्रश्न : पीजीवाले साडेसहा हजारावर वेगळा जीएसटी लावायलेत. बरोबर आहे का?

नाही. जुलै २०२४ पासून माणशी महिना वीस हजारांपर्यंतच्या राहण्याच्या सोयीला जीएसटी माफ आहे, अट एवढीच की मुक्काम सलग नव्वद दिवसांचा तरी हवा. तू वर्षभरासाठी राहतोयस. बिल मागून घे, त्यावर जीएसटी नंबर लिहा म्हण, बहुतेक ठिकाणी विषय तिथंच संपतो.

प्रश्न : माझं कॉलेज अर्जुननगरला, खोली निपाणीत बघायलोय. कॉलेज महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. कागद कुठला करायचा?

घर जिथं आहे तिथला. निपाणीत राहिलास तर कर्नाटकाचा ई-स्टॅम्प, लाईट हेस्कॉमची, वर सांगितलेली गृहज्योती पण त्याच मीटरला. अर्जुननगर कागल तालुक्यात, तिथंच खोली घेतलीस तर महाराष्ट्राचा कायदा, आणि तिथं मोठा फरक असा की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार अकरा महिन्यांचा असला तरी करार रजिस्टर करावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तिथला मालक नुसत्या नोटरीवर भागवत असेल तर त्याला हे सांग. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं हे आपल्या भागातल्या माणसांना नवीन नाही, पण भाड्याच्या कागदाला मात्र त्यानं फरक पडतो.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे. खोली चांगली आहे पण घरमालकीण कन्नड बोलतात, त्यांना मराठी कमी समजतं. आम्ही सीमाभागातली माणसं, भाषेवरनं किती काय सोसलंय. तिला तिथं ठेवू का? मालकीण तिच्या माघारी खोली उघडून बघतात असं आधीच्या मुली सांगायल्या.

वहिनी, तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात, मी वेगळ्या करते. भाषेची काळजी करू नका. भाषेचा लढा आपल्या जागी आहे आणि तो आपण लढतोच आहोत, पण ज्या बाईच्या घरात पोरगी झोपणार आहे ती बाई कशी आहे हे तिच्या भाषेवरनं कळत नाही. आमच्या गल्लीत कानडी घरांत मराठी मुली आणि मराठी घरांत कानडी मुली वर्षानुवर्षं राहतात, संक्रांतीला तिळगूळ आणि एळ्ळू-बेल्ल दोन्ही खातात. मुलीला 'नीर यावाग बर्तदरी' (पाणी कधी येतं), 'बाडिगे कोडतीनरी' (भाडं देते) अशी चार वाक्यं बोलता आली की त्या मालकीणबाई खूश होतील, आणि मुलीला पुढं नोकरीला पण ती भाषा उपयोगी पडेल.

दुसरं मात्र गंभीर आहे. भाडं दिलं की ती खोली राहणाऱ्याची, मालकाला दुरुस्ती बघायला यायचं असेल तर आधी सांगून, मुलगी घरात असताना यावं. तुम्ही स्वतः जा, मुलीला पाठवू नका, आणि हे गोडीत पण स्पष्ट बोला. खोलीला मुलीचं स्वतःचं कुलूप लावायची परवानगी घ्या. नाही म्हणाल्या तर दुसरं घर बघा, कितीही चांगलं असलं तरी. घरातला कुणी पुरुष विनाकारण खोलीत येत असेल, दारात रेंगाळत असेल तर बोलणी वगैरे काही करायची नाहीत, त्याच दिवशी सामान हलवा, आणि मुलीच्या मोबाईलमध्ये ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आधीच सेव्ह करून द्या.

प्रश्न : दोन वर्षं राहून खोली सोडली. पंचवीस हजार डिपॉझिटमधले चौदा हजार रंगाचे आणि साफसफाईचे म्हणून कापले. आम्ही खोली स्वच्छ करून दिली होती. आता फोन उचलत नाहीत. मी मुलगी एकटी काय करणार?

बरंच करू शकतेस. दोन वर्षं माणूस राहिला की भिंतीचा रंग उतरतो, जिथं डोकं टेकतं तिथं डाग पडतो, ही वापरानं होणारी नेहमीची झीज, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ती भाडेकरूच्या जबाबदारीतनं वगळलीय. काच फोडलीस, बेसिन तोडलंस तर त्याचे पैसे तू द्यायचे. करारात 'सोडताना रंगाचे अमुक रुपये' असं लिहून तू सही केली असशील तर मात्र अवघड, कितीतरी करारांत एक महिन्याचं भाडं रंगाला कापायचं असं लिहिलेलं असतं, म्हणून आधी तो कागद काढून वाच.

तसं लिहिलेलं नसेल तर फोन करणं थांबव आणि लिहून पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या भाषेत, शिव्या-शाप न देता. किती डिपॉझिट कुठल्या तारखेला दिलं, किती परत आलं, चौदा हजारांचा हिशेब आणि रंगाचं बिल द्या, अमुक तारखेपर्यंत बाकी पैसे परत करा. ज्यांच्या ओळखीनं खोली मिळाली होती त्यांना घेऊन एकदा समोरासमोर बस. नाही जमलं तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो वकील मोफत मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. तिथनं समोरच्याला बोलावणं जातं, समेटाची बैठक होते, आणि चौदा हजारांसाठी कोर्टाची पायरी चढायला मालक पण उत्सुक नसतो. तू एकटी आहेस असं समजू नकोस, आणि 'जाऊ दे' म्हणून सोडू पण नकोस, ते पैसे तुझ्या घरच्यांनी घाम गाळून दिलेत.

प्रश्न : एक तारखेला शिफ्ट होतोय. पहिल्या दिवशी काय करू?

सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ कर, दारापासून सुरू करून भिंती, छत, नळ, संडास, खिडकीच्या काचा, मीटरचं रीडिंग, सगळं, आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून दे, 'काका, आजची स्थिती' एवढंच लिहून. वरचं पत्र लिहिणाऱ्या मुलीकडं असा व्हिडिओ असता तर तिचं काम निम्मं सोपं झालं असतं. प्रत्येक नळ सोडून बघ, फ्लश ओढून बघ, प्लगमध्ये चार्जर लावून बघ. जे चालत नाही ते त्याच दिवशी सांग, आठ दिवसांनी सांगितलंस तर ते तू बिघडवलंस असं होतं. कुलूप स्वतःचं आण.

गॅससाठी कुणाचा जुना सिलिंडर ब्लॅकनं घेऊ नको. पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर. रेग्युलेटर आणि पाईप मात्र नवीन घे, पाईपवरची तारीख बघून, आणि रात्री झोपताना सिलिंडरवरचा नॉब बंद कर.

आधारची झेरॉक्स मालकांना द्यावी लागेल, त्यावर तिरकं 'फक्त भाडेकरारासाठी' असं तारखेसकट लिहून दे. शेजाऱ्यांना पहिल्याच संध्याकाळी जाऊन नाव-गाव सांगून ये. आणि आईला लोकेशन पाठव, खोलीचा पूर्ण पत्ता, मालकांचा नंबर आणि शेजारच्या एका घराचा नंबर, मोबाईलमध्ये नको, घरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवायला सांग.

पुढच्या अंकात मेस आणि डब्याबद्दलचे प्रश्न घेऊ, ते पण खूप आलेत. पत्रात कॉलेज आणि गाव लिहा, नाव छापणार नाही.